मीठ पिकतं

तक्त्यावर सात चौकटी होत्या.
सातवी वाळवीनं खाल्ली, कडेनं कातरून, नेमकी.
कोंबडीची दोन पिल्लं उरली
आणि नुसता ‘प्र’.
मला बरंच झालं.
सहावीच्या मुलांना प्रजनन सांगताना
मी दर वर्षी खिडकीबाहेर बघायचे.

खिडकीबाहेर आगरवाडो,
मार्चचं ऊन, मिठागरांची तावदानं,
बांधावर फळी खांद्याला लावून उभा लाडू नाईक
आणि त्याची उलटी सावली पाण्यात,
तीही फळी घेऊन.

हालचाल, म्हटलं मी. वाढ. श्वसन.
मुलं सुरात म्हणाली.
मागून कुणीतरी: बाई, पेडण्याची बस हलते,
डिझेल पिते, धूर सोडते, हाक मारली की थांबतेसुद्धा.
मग जिवंत का नाही?
कारण तिला पिल्लू होत नाही, दुसरा म्हणाला,
आणि वर्ग एवढा हसला
की सातवी चौकट आपोआप शिकवून झाली.

सहावी मी घाईनं उरकली.
उत्सर्जन: नको ते शरीराबाहेर टाकणे. पुढे.

गौतमी उभी राहिली. लाडूची मधली.
बाई, मीठ पिकतं ना?
पिकतं, म्हटलं.
पिकतं म्हणजे वाढतं. पप्पा रात्री बघून येतात तेव्हा एवढं,
सकाळी एवढं.
तिनं नखावर माप दाखवलं.
आणि एक खडा फोडून टाकला
तर त्याच्या अंगाला नवं धरतं.

माझ्याकडे उत्तर होतं, छापील.
मीठ बाहेरून वाढतं, बाहेरचं येऊन चिकटतं,
जीव आतून वाढतो.
तिनं ते वहीत लिहून घेतलं,
माझं मन राखायला लिहावं तसं.

दुसऱ्या दिवशी वर्ग बांधावर नेला.
ओहोटी होती. चिखलात निवटी
अर्धी पाण्याची, अर्धी कुणाचीच नाही.
कांदळाच्या शेंगा झाडावरच रुजलेल्या,
लांब, हिरव्या, खाली सरळ रुतायच्या तयारीत.
मुलं कुर्ल्यांच्या बिळांत काठ्या घालत सुटली.
गौतमीनं तिवराचं पान तोडलं
आणि सरळ जिभेला लावलं.

बाई, खारट.

हो, झाड खारं पाणी पितं,
आणि जास्तीचं मीठ पानावर काढून ठेवतं.
ती पानाकडे बघत राहिली.
मग मिठागराकडे.
म्हणजे मिठाला काहीच नको होत नाही, म्हणाली,
आणि काठी शोधायला पळाली.

मी तिथंच उभी.
वाऱ्याला मिठाचा वास नसतो म्हणतात.
त्या दिवशी होता.

घरी पेज, अळणी.
वर्ष झालं, घरात मिठाची बरणी वरच्या फळीवर,
स्टूल घेतल्याशिवाय हात न पोचणारी.
ह्यांच्या पायांवर बोट दाबलं की खळगा पडतो
आणि बराच वेळ भरत नाही.
आठवड्यातून तीन वेळा म्हापशाला,
यंत्र चार तास रक्त धुतं.
ज्या गावात मीठ पिकतं
त्या गावात एका माणसाला ते बाहेर टाकता येत नाही.

काय शिकवलंस आज?
मी पदरातलं पान काढून दिलं.
त्यांनी ते दिव्याजवळ धरलं, उलटंसुलटं केलं,
अंगठ्यानं थोडं मीठ पुसलं,
अंगठा तोंडापर्यंत नेला
आणि माझ्याकडे बघून लुंगीला पुसला.
ह्याचं बरं आहे, म्हणाले.

पान खिडकीत राहिलं.
सकाळी काळं पडलं होतं, कडा वळलेल्या.
वरचे कण मात्र तसेच,
उन्हात उलट जास्तच चमकणारे.
मी ते टाकलं नाही, ठेवलंही नाही,
तेवढा वेळच नव्हता.
वळणावर हॉर्न वाजला.
मी एका हातात फाईल घेतली, दुसऱ्यानं त्यांना धरलं.
हात केला,
आणि बस थांबली.